शिक्षकाचं सेवापुस्तक बघायला मिळतं का?

शिक्षकांवर संशोधन करायचं म्हटलं की कधी ना कधी आपण सेवापुस्तकापाशी येतोच. नियुक्ती, बदल्या, वेतनवाढ, रजा, शिक्षा, सगळं त्यात. जोडीला गोपनीय अहवाल. पण हे कागद बाहेरच्या माणसाला मिळतात का? या प्रश्नाचं उत्तर गेल्या वीस वर्षांत बदलत गेलंय.

सुरुवात २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापासून. सरकारी शाळा आणि सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्था त्याच्या कक्षेत येतात. कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचं मासिक वेतन कलम ४ नुसार आपणहून जाहीर करायचं असतं. वैयक्तिक माहितीसाठी मात्र कलम ८(१)(ञ) होतं: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खासगीपणात घुसखोरी करणारी माहिती नाकारता येई. व्यापक जनहित दिसलं, तर तीही देता येई. शिवाय पुस्ती होती, की जे विधिमंडळाला नाकारता येत नाही, ते नागरिकालाही नाकारू नये.

मोठं वळण आलं ते २०१२ मध्ये, गिरीश देशपांडे प्रकरणात. मागितली होती अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची माहिती: मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा, मालमत्ता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कर्मचाऱ्याची कामगिरी ही मुख्यतः तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातली बाब आहे. प्रकरण शिक्षकाचं नव्हतं, पण हा तर्क शिक्षकांच्या सेवापुस्तकालाही तसाच लागू होतो.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. २०१९ मध्ये सुभाषचंद्र अग्रवाल प्रकरणात घटनापीठाने शैक्षणिक पात्रता, मूल्यमापन अहवाल, शिस्तभंगाची कारवाई यांना वैयक्तिक माहिती म्हटलं. जनहिताची वाट मात्र उघडी ठेवली.

मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याने कलम ८(१)(ञ) आखूड केलं. आता माहिती 'वैयक्तिक' आहे, एवढंच कारण पुरतं. पुस्तीही गेली. हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. उरलंय ते कलम ८(२): हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते.

दोन्ही बाजूंना वजन आहे, हे विसरू नका. खोट्या तक्रारीवरून निघालेली नोटीस गावभर झाली, तर त्या शिक्षिकेचं आयुष्य विस्कटतं. उलट, बनावट पदवीवर कोणी नोकरी करत असेल, तर नुकसान मुलांचं होतं. जुन्या कलमात हा तोल त्या कलमातच होता. आता जनहित आहे हे दाखवायचं ओझं प्रत्यक्षात अर्जदारावर येतं.

म्हणून अर्ज लिहिताना आधी स्वतःला विचारा, आपल्याला माणूस हवाय की पद? 'अमुक शिक्षकाचं सेवापुस्तक द्या' असं लिहिलं की नकार जवळपास ठरलेला. त्याऐवजी तालुक्यातली मंजूर आणि रिक्त पदं, नियुक्तीची वर्षं, बदल्यांची संख्या, हे नावं वगळून मागा. कलम १० नुसार नाकारण्याजोगा भाग झाकून उरलेला कागद देता येतो, त्याचा उल्लेख अर्जातच करा. बहुतेक संशोधन-प्रश्नांना नाव लागतच नाही.