नेव्हिल डिसूझा : ‘हौशी’ नियमाच्या चौकटीतील एक आघाडीपटू

स्वातंत्र्योत्तर भारतीय फुटबॉलच्या इतिहासलेखनात कोलकाता व हैदराबाद या केंद्रांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे मुंबईला मिळालेले नाही. या दृष्टीने नेव्हिल डिसूझा (1932–1980) यांची कारकीर्द अभ्यसनीय ठरते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेला हा खेळाडू मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचा मध्य आघाडीपटू म्हणून नावारूपास आला.

तत्कालीन भारतात व्यावसायिक फुटबॉलला औपचारिक मान्यता नव्हती आणि ऑलिंपिकमध्ये खेळाडू ‘हौशी’ असणे बंधनकारक होते. मुंबईतील कंपन्यांच्या संघांनी यातून व्यवहार्य वाट काढली. वेतन कर्मचाऱ्याचे, निवड मात्र खेळावरून! त्यामुळे ‘हौशी’ ही संज्ञा येथे जपूनच वापरावी लागते.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीने माघार घेतल्याने भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे 1 डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाचा 4–2 असा पराभव झाला. त्यांपैकी तीन गोल डिसूझा यांचे होते. चौथा किट्टू यांचा. ऑलिंपिक फुटबॉलमधील आशियाई खेळाडूची ही पहिली हॅटट्रिक मानली जाते. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही डिसूझा यांनीच केला. काही मिनिटे भारत आघाडीवर होता! अखेरीस 1–4 असा पराभव झाला. तथापि 1952 मध्ये हेलसिंकी येथे याच प्रतिस्पर्ध्याकडून भारत 1–10 असा हरला होता, हे लक्षात घेता प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाची प्रगती स्पष्ट होते. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3–0 असा विजय मिळविला. चार गोलांसह डिसूझा स्पर्धेत संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

भारताखेरीज उपांत्य फेरीतील तिन्ही संघ सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया या समाजवादी राष्ट्रांचे होते. तेथील खेळाडूही कागदोपत्री हौशीच! मुंबईत जे एखादी कंपनी करी, ते तेथे राज्यसंस्था करीत असे. फरक साधनांच्या प्रमाणात होता आणि तो निर्णायक होता. भारताच्या चौथ्या क्रमांकाचे मूल्यमापन करताना केवळ वैयक्तिक कौशल्याची चर्चा करणे त्यामुळे अपुरे ठरते.

अर्जुन पुरस्कार 1961 मध्ये सुरू झाला. फुटबॉलसाठीचा पहिला मान डिसूझा यांचे मेलबर्नमधील सहकारी पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. डिसूझा यांचे 1980 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी निधन झाले.