परवानग्यांचा भ्रम

ज्या पानावर कुणीही लिहू शकतो, त्या पानावर विश्वास कुणी ठेवायचा? विकीबद्दल हा प्रश्न आपल्याकडे इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता त्याला उत्तराची गरजच कुणाला वाटत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी विकिपीडियाच्या मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला आणि सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस धाडली. त्या वेळी अनेकांनी सुचवलेला उपाय एकच होता: पाने बंद करा, लिहिण्याचा अधिकार जाणकारांपुरताच ठेवा. त्या वादाचे मूळ कोणता संदर्भ ग्राह्य धरायचा आणि तो किती ताणायचा यात होते. चर्चा मात्र किल्ल्या कुणाकडे, यावरच घसरली. संस्था, महाविद्यालये आणि कंपन्या आपापल्या अंतर्गत विकीबाबतही हेच धोरण धरून बसतात. विकी सुरू झाला की पहिली बैठक भरते ती कुणाला काय करू द्यायचे नाही, हे ठरवायला.

हा पूर्वपक्ष हलका नाही. मराठीत तर त्याला मोठी पुण्याई आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश ही आपल्या भाषेची अभिमानस्थाने आहेत. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विषयाचा अधिकारी लेखक, त्यावर संपादक, त्यावर प्रमुख संपादक अशा चाळणीतून आलेला मजकूर कसा असतो, ते त्या खंडांत पाहावे. तेव्हा ज्ञान म्हणजे अधिकारी माणसाने तपासून सही केलेला मजकूर, अशी धारणा आपल्यात रुजली यात नवल नाही. माझा आक्षेप त्या पद्धतीला नाही. तिचे नियम विकीवर लादले की विकी सुरक्षित होतो, या समजुतीला आहे.

हा प्रयोग करून झालेला आहे. विकिपीडियाच्या आधी, मार्च २००० मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया हा ऑनलाइन ज्ञानकोश सुरू केला. लेखक तज्ज्ञ असावा आणि लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जावा, असा दंडक होता. २००३ मध्ये न्यूपीडिया बंद पडला तेव्हा पूर्ण होऊन संमत झालेले लेख दोन डझनांच्या आसपास होते. १५ जानेवारी २००१ ला, न्यूपीडियाला कच्चा माल पुरवायला म्हणून, विकिपीडिया सुरू झाला आणि वर्ष संपायच्या आत त्याचे लेख हजारोंच्या घरात गेले. माणसे तीच, हेतूही तोच. बदलली होती ती दाराची व्यवस्था.

यावर लगेच विचारले जाते, की संख्या वाढली, पण खरेपणाचे काय? त्यासाठी विकीचे यंत्र आतून पाहावे लागते. समजा, रायगडावरच्या लेखात कुणी राज्याभिषेकाचे साल १६७४ चे १७६४ केले. जतन करताच जुनी आवृत्ती पुसली जात नाही. ती जशीच्या तशी राहते आणि तिच्यावर नवी आवृत्ती चढते. पानाच्या इतिहासात कोणत्या खात्याने, कोणत्या मिनिटाला, किती बाइटांचा बदल केला याची एक ओळ जमा होते. दोन आवृत्त्या निवडून तुलना मागितली की डावीकडे जुना परिच्छेद, उजवीकडे नवा, आणि बदललेले आकडे रंगाने उठून दिसतात. तोच बदल ‘अलीकडील बदल’ या पानावर सर्वांसमोर येतो आणि तो लेख ज्यांच्या निरीक्षणसूचीत आहे त्यांनाही दिसतो. त्यांच्यापैकी कुणीही एका दुव्यावर तो उलटवू शकतो. चूक करायला जेवढे कष्ट पडतात, त्याहून कमी कष्टांत ती दुरुस्त होते. विकीची ढाल ती हीच. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ ला पहिला विकी खुला केला, तेव्हापासून या सॉफ्टवेअरचा पाया बदल सोपा ठेवण्यावर उभा आहे, आणि इतिहासाची ही वही जोडली गेल्यावर तो पाया पक्का झाला. परवानग्या त्यानंतर आल्या आणि आजही त्या दुय्यमच आहेत.

‘निदान खाते उघडायला तरी लावा, एवढ्याने चांगल्या माणसाचे काय बिघडते?’ हे या पूर्वपक्षाचे सर्वांत सौम्य आणि म्हणूनच सर्वांत प्रभावी म्हणणे. ते तपासले गेले आहे. बेंजामिन मॅको हिल आणि ॲरन शॉ या दोन अभ्यासकांनी असे १३६ विकी घेतले, जिथे आधी कुणीही लिहू शकत असे आणि मग एके दिवशी खाते सक्तीचे झाले. सक्तीच्या आधीचे आणि नंतरचे लेखन त्यांनी ताडून पाहिले. त्यांचा निबंध २०२० मध्ये ‘कम्युनिकेशन रिसर्च’ या नियतकालिकात आला. नवी खाती थोडी वाढली. खोडसाळ आणि निकृष्ट लेखन बरेच घटले. इथपर्यंत पूर्वपक्षाचा विजय आहे. पण त्याबरोबर चांगले लेखनही घटले, आणि एकंदर जे लेखन थांबले त्यातला बहुतांश भाग चांगल्या लेखनाचा होता. याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून खाते होते, ज्यांना या सक्तीचा काडीचाही त्रास नव्हता, त्यांचेही लेखन कमी झाले.

हे शेवटचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. त्याचे कारण मी असे लावतो: विकीवरचा जुना लेखक एकटा लिहीत नसतो. कुणी अनोळखी माणूस अर्धवट परिच्छेद टाकून जातो आणि तो नीट करायला जुना लेखक बसतो. कुणी चुकीचे साल घालतो आणि ते दुरुस्त करताना त्याच्या लक्षात येते की पुढचा सगळा विभागच कच्चा आहे. ती ये-जा थांबली की जुन्यांनाही काम सुचेनासे होते. मराठी विकिपीडियावर लिहिणारे मुळात थोडे. एखादा शिक्षक आपल्या गावाच्या नदीचे चुकलेले नाव बघतो आणि तिथल्या तिथे सुधारतो. त्याला आधी नाव, मग परवलीचा शब्द, मग वाकड्यातिकड्या अक्षरांची परीक्षा असे अडथळे घातले तर तो पान मिटून निघून जाईल. परवानग्यांचा हिशेब मांडताना हा माणूस कुठल्याच रकान्यात येत नाही. उलटवलेले बदल मोजता येतात. जे झालेच नाहीत ते मोजणार कसे?

सीगेनथालर प्रकरणाला बगल देऊन चालणार नाही, कारण कुलुपाच्या बाजूचा तोच मुख्य साक्षीदार आहे. जॉन सीगेनथालर हे अमेरिकन पत्रकार, एकेकाळी रॉबर्ट केनेडींचे सहकारी. मे २००५ मध्ये कुणीतरी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाने पान तयार केले आणि दोन्ही केनेडींच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे धडधडीत खोटे लिहिले. ते सुमारे चार महिने तसेच राहिले. सीगेनथालर यांनी २९ नोव्हेंबरला ‘यूएसए टुडे’त लेख लिहून आपली व्यथा मांडली आणि डिसेंबरमध्ये बिनखात्याच्या लोकांना नवी पाने करण्यास बंदी आली.

एका निष्कलंक माणसावर असे किटाळ येणे भयंकरच आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्यातून निघालेला निष्कर्ष चुकला. ते खोटे चार महिने टिकले, कारण त्या पानावर कुणाची नजर नव्हती. तेव्हा खाते उघडायला एखादे टोपणनाव आणि परवलीचा शब्द पुरे होता, म्हणजे खात्याच्या सक्तीने तो लेखक अडला नसता. उलट खाते नव्हते म्हणूनच त्याचा आयपी पत्ता इतिहासात उघडा राहिला आणि त्यावरून शोध घेणारे थेट त्याच्या कार्यालयापर्यंत पोहोचले. खरा धडा वेगळा होता आणि तो पुढे अमलातही आला: हयात व्यक्तींवरच्या बिनसंदर्भाच्या बदनामीकारक मजकुराला क्षणभरही थारा नाही, तो दिसताक्षणी काढायचा. हा नियम हातात कोणत्या परवानग्या आहेत ते विचारत नाही, प्रत्येक वाचकाला तो काम देतो.

पोर्तुगीज विकिपीडियाचा दाखलाही माझ्या विरोधात दिला जातो, आणि तो मान्य करायला हवा. ऑक्टोबर २०२० पासून तिथे खात्याशिवाय लिहिता येत नाही आणि त्यानंतर खोडसाळपणा घटला. गस्त घालणारी माणसे पार थकून गेली असतील तर एखाद्या समाजाने असा निर्णय विचारपूर्वक घ्यावा, यात गैर काही नाही. पण तो थकलेल्या माणसांना दिलासा म्हणून घ्यावा. मजकूर खरा करण्याचे साधन म्हणून त्याचा डंका पिटू नये.

कारण मजकूर खोटा करणारा प्रत्येक वेळी बाहेरचाच असतो, असे नाही. क्रोएशियन विकिपीडियावर २०१० नंतरच्या दशकात प्रचालकांच्याच, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या सदस्यांच्याच, एका गटाने ताबा मिळवला. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिणे, विरोध करणाऱ्या सदस्यांची खाती रोखणे, पाने सुरक्षित करून दुरुस्तीची वाट अडवणे, हे सगळे रीतसर अधिकार वापरून झाले. २०१३ मध्ये क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांना सांगावे लागले की हा विकिपीडिया वापरू नका. २०२१ मध्ये फाउंडेशनने करवून घेतलेल्या अहवालाने या गटाच्या कब्ज्यावर शिक्कामोर्तब केले. तिथे प्रत्येक कुलूप जागच्या जागी होते. ‘जाणकारांच्याच हाती द्या’ म्हणणाऱ्यांनी जाणकार कोण हे ठरवणारा कोण, आणि तोच फिरला तर त्याला उलटवणार कोण, याचे उत्तर आधी द्यायला हवे.

आता संस्थांच्या अंतर्गत विकीकडे वळतो, कारण तिथला भ्रम थेट नुकसान करतो. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून अनेक ठिकाणी बसवले जाते. त्यातल्या परवानग्या गटांना मिळतात आणि त्या बेरजेने चालतात. एका गटाला संपादनाची परवानगी नाकारली, पण सदस्य दुसऱ्या ज्या गटात आहे त्याला ती असली, तर सदस्याला ती मिळतेच. ‘सर्व लोक’ या गटाचे संपादन बंद केले म्हणजे विकी बंद झाला, असे अनेक जण समजून चालतात. प्रत्यक्षात ‘खातेदार’ या गटाला ते मुळातच दिलेले असते आणि खाते उघडायची मुभा तशीच असते. दार लावले, खिडकी सताड उघडी.

याहून मोठी गफलत म्हणजे एकेक पान ठराविक लोकांनाच वाचू देण्याचा आग्रह. लेखन रोखण्याची सोय मीडियाविकीत उत्तम आहे. पानागणिक वाचन रोखण्यासाठी ते लिहिलेलेच नाही, आणि हे त्याच्या निर्मात्यांनीच आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट बजावले आहे. तशी सोय देणाऱ्या जोडण्या मिळतात, पण त्यांना गळती असते. समजा ‘पगारवाढ’ नावाचे पान फक्त व्यवस्थापनाने वाचायचे आहे. एखादा कर्मचारी आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, दुहेरी महिरपी कंसांत अपूर्णविराम (:) आणि त्या पानाचे नाव लिहितो आणि झलक पाहतो. साचा जसा दुसऱ्या पानात उमटतो, तसे ते गुप्त पान त्याच्या पानात उमटते. ही वाट बुजवली तर शोधाच्या निकालात त्यातल्या ओळी डोकावतात. तीही बुजवली तर निर्यातीचे पान राहते, बदलांची यादी राहते. आणि चढवलेल्या फायलींचे तर विचारूच नका: सगळा विकी प्रवेशापुरता बंद केला तरी नेहमीच्या मांडणीत सर्व्हर चित्रांच्या फोल्डरमधून फाइल थेट उचलून देतो, मीडियाविकीला विचारायलाही जात नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था लावावी लागते आणि अनेक जण ती लावायची विसरतात. गुप्त ते विकीवर ठेवू नये, त्यासाठी दुसरी सॉफ्टवेअरे आहेत. एवढी एक गोष्ट पाळली तरी अंतर्गत विकीवरचे निम्मे निर्बंध निरर्थक ठरतात आणि कर्मचाऱ्यांना मोकळेपणाने लिहू देता येते.

मग माझ्या मते कुलूप कुठेच नको का? हवे, आणि जिथे हवे तिथे भक्कम हवे. कसोटी माझ्यापुरती साधी आहे: झालेली गोष्ट उलटवता येते की नाही? लेखातले चुकीचे साल उलटवता येते. पण संपूर्ण विकीवर चालणारी जावास्क्रिप्ट प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये धावते. तिच्यात कुणी घातक ओळ घातली आणि ती दहा मिनिटांनी काढली, तरी त्या दहा मिनिटांत हजारोंची खाती लुटली गेलेली असू शकतात. २०१८ पर्यंत विकिपीडियाच्या प्रत्येक प्रचालकाला ही जावास्क्रिप्ट बदलण्याचा अधिकार आपोआप मिळत असे. त्या वर्षी तो काढून ‘इंटरफेस प्रचालक’ असा वेगळा, मोजक्या लोकांचा गट केला गेला. मी या बदलाचा पूर्ण समर्थक आहे. सदस्यांचे आयपी पत्ते पाहण्याचा अधिकार, कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर इतिहासातूनही दडवण्याचा अधिकार, हेही याच वर्गात मोडतात. फुटलेली खासगी माहिती परत घेता येत नाही. इथे माणसे कमी असावीत, त्यांनी दुहेरी पडताळणी वापरावी आणि त्यांच्या प्रत्येक कृतीची नोंद राहावी.

राहिला मराठी विकिपीडियासारख्या छोट्या प्रकल्पांचा प्रश्न. प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, मग कुलपाशिवाय निभावणार कसे, असे विचारले जाते. माझे उत्तर असे की तिथे कुलपे वाढवण्यापेक्षा दुरुस्तीचे अधिकार वाढवावेत. एकाच माणसाचे लागोपाठचे बदल एका झटक्यात मागे घेण्याची द्रुतमाघार इंग्रजी विकिपीडियाने २००८ मध्येच प्रचालकांपासून सुटी करून भरवशाच्या सदस्यांना दिली. गैरवापर झाला तर ती काढून घेता येते, म्हणून ती सढळ हाताने द्यावी. शिवीगाळ आणि पान कोरे करण्यासारखे ढोबळ प्रकार बदल आपोआप तपासणाऱ्या संपादन गाळणीकडे सोपवावेत. आणि निवडणूक किंवा एखादा ऐतिहासिक चित्रपट जवळ आल्यावर पान अर्धसुरक्षित, म्हणजे नव्या आणि बिनखात्याच्या लोकांना बंद, करावेच लागले, तर सॉफ्टवेअर मुदत विचारते त्या जागी ‘अनंत’ न निवडता दोन आठवडे लिहावेत. ते आठवडे संपले की पान आपोआप खुले होते, त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही.