नारायण धारप आणि अद्भुताचा वनवास

मराठी कादंबरीचा इतिहास सांगतां सांगतां हरि नारायण आपट्यांपाशीं आलें, म्हणजे आम्हां अध्यापकांस हायसें होतें. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' (1861), रिसबुडांची 'मंजुघोषा' हीं कादंबरीच्या बाळपणींचीं खेळणीं. आपट्यांनीं तिला शहाणी केलें, आणि अद्भुत तेथेंच संपलें, असा आमचा ठरलेला पाठ आहे. तो खरा नाहीं. पुढें नाथमाधवांच्या 'वीरधवला'नें घरोघर जागरणें घडविलीं. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तर नारायण धारप (1925–2008) या पुणेकर लेखकानें शंभरावर पुस्तकें लिहून हा प्रवाह वाहता ठेवला.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवाशास 1290 मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच ज्ञानदेवांनीं रेड्यामुखीं वेद वदविले आणि भिंत चालविली, हें येथील शेतकरी निःशंकपणें सांगतो. अशा मुलखांत आमच्या विद्यार्थिदशेंत धारपांचें पुस्तक मात्र उशीखालीं दडवून वाचावें लागे!

धारप शास्त्रशाखेचे पदवीधर होते, आणि ही गोष्ट त्यांच्या लेखनास समजून घेण्यास फार उपयोगी आहे. जुन्या अद्भुत कादंबरींत राजपुत्र, अरण्यें व योगायोग असत. धारपांची कथा भाड्याच्या खोलींत, वारसानें आलेल्या पडक्या वाड्यांत, पगारदार माणसाच्या संसारांत सुरू होते. दिवाबत्ती होते, जेवणें आटोपतात, आणि मग कोपऱ्यांतील एखादी वस्तु जागची हललेली दिसते. त्यांचें भूत पुष्कळदां सूडासाठीं आलेला मृतात्मा नसतें. आपल्या मितीपलीकडून आंत शिरूं पाहणारी ती एक शक्ति असते. 'समर्थ' हा त्यांचा नायक तिच्याशीं झुंजतो तो भाबडेपणानें नव्हे. आधीं चौकशी, मग तर्क, मग उपाय, असा त्याचा क्रम. मात्र समर्थ आले कीं भय ओसरतें, हा या कथांचा दोष आम्हांस नेहमींच जाणवला. ज्या कथांत कोणीही समर्थ येत नाहीं, त्याच अधिक काळ मनांत राहतात.

त्यांच्यावर मोठा आक्षेप उसनवारीचा. 'लुचाई'चा सांगाडा स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (1975) या कादंबरीचा, 'आजी' कथेचें बीजही त्याचेंच. आक्षेप खरा आहे, व तो झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु आपट्यांची 'मधली स्थिति' (1885) रेनॉल्ड्सच्या कादंबरीवर उभी आहे, हें आम्ही वर्गांत एका वाक्यांत सांगून पुढें जातों! मग एकास मुभा व दुसऱ्यास दंड कां? विचारावयाचें तें हें, कीं परकें बीज येथल्या मातींत रुजलें काय? 'आजी'पुरतें उत्तर काळानेंच दिलें. राही अनिल बर्वे यांनीं मित्राच्या तोंडून ऐकलेली ती कथा त्यांच्या मनांत वर्षानुवर्षें राहिली, व तिच्यांतून 2018 मध्यें 'तुंबाड' हा चित्रपट निघाला. त्याचें नांव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलें, पाऊस कोंकणचा, आणि लोभ आपल्या घरचाच. 2024 मध्यें तो पुन्हां लागला, तेव्हां पहिल्या खेपेहून अधिक चालला.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं पाथर्डीकडील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें होतें, "सर, धारपांवर निबंध लिहूं का?" आम्ही हंसून म्हणालों, "वाङ्मयावर लिही." त्यानें मान खालीं घातली आणि फडक्यांवर एक निर्जीव निबंध आणून दिला. आम्हीं त्यास चांगले गुणही दिले. त्या वेळीं धारप हयात होते. त्या मुलास पुण्यास जाऊन त्यांना भेटतां आलें असतें.

परवां साकेत प्रकाशनानें काढलेली 'लुचाई'ची नवी प्रत आणली. पूर्वीं वाचनालयाची प्रत वाचली होती, तिचीं शेवटचीं पानें कोणी फाडून नेलीं होतीं. ह्या खेपेस ती दिवाणखान्यांत, सर्वांदेखत वाचावयास घेतली. रात्रीं अकराच्या सुमारास उठून मागचें दार लावलें आहे काय, तें मात्र पाहून आलों.