वेस उरली, वस्ती गेली

हाँगकाँगमध्ये कौलून नावाचा भाग आहे. तिथे एक सुरेख बाग आहे. तळे, वळणावळणाच्या पायवाटा, चिनी कौलांचे मंडप, निवांत बसलेली म्हातारी माणसे. पाहणाऱ्याला वाटावे, दोनतीनशे वर्षांची जुनी बाग असेल. प्रत्यक्षात ती खुली झाली १९९५ च्या डिसेंबरात. आणि त्याआधी याच साडेसहा एकरांत सुमारे तेहतीस हजार माणसे राहत होती. एकरी पाच हजार!

हे कसे घडले, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. अफूच्या व्यापारावरून इंग्रज आणि चीन यांच्यात युद्ध झाले. त्या अफूतली बरीचशी माळव्यातली, आपल्या मुंबई बंदरातून गेलेली. युद्ध हरल्यावर १८४२ मध्ये चीनने हाँगकाँग बेट गमावले. समोरच्या किनाऱ्यावरून इंग्रजांवर नजर ठेवावी म्हणून चिनी सरकारने कौलूनच्या जुन्या ठाण्याला दगडी तट बांधला. १८४७ मध्ये तो पुरा झाला. आत अधिकाऱ्याची कचेरी होती, शिबंदी होती.

पुढे १८९८ मध्ये इंग्रजांनी आसपासचा मुलूख नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतला. करारात एक मेख राहिली. या तटाच्या आत चिनी अधिकाऱ्यांचाच अंमल राहील, मात्र हाँगकाँगच्या संरक्षणाला बाधा येता कामा नये. दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी सैन्य घुसवून त्या अधिकाऱ्यांना हुसकावले. चीनने हक्क सोडला नाही आणि इंग्रजांनीही कारभार मनावर घेतला नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तट पाडला आणि त्याचे दगड शेजारच्या काई ताक विमानतळाच्या विस्ताराला वापरले. म्हणजे पुढे जगभर गाजलेल्या या तटबंद वस्तीला प्रत्यक्षात तट नव्हताच! युद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि इथे झोपड्या उभ्या राहिल्या. १९४८ मध्ये त्या हटवायचा प्रयत्न झाला, तेव्हा कँटनमध्ये जमावाने ब्रिटिश वकिलात जाळली. त्यानंतर सरकारने या वस्तीपासून जरा लांबच राहायचे ठरवले.

मग इमारतीला इमारत चिकटत गेली. ना नकाशा, ना परवानगी. चौदा मजल्यांच्या आसपास त्या थांबल्या, कारण डोक्यावरून विमाने जात. खालच्या बोळांत ऊन पोचत नसे. वरून नळ्यांचे पाणी ठिबके. विहिरी आणि थोडेसे सार्वजनिक नळ यांच्यावर पाण्याची भिस्त. गुंडांच्या टोळ्या होत्या, जुगार होता, अफूचे अड्डे होते. सत्तरच्या दशकात पोलिसांनी छाप्यांमागून छापे घालून टोळ्यांचे बळ मोडले. पण बहुतेक माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती. चीनमध्ये शिकलेले दंतवैद्य इथे दवाखाना थाटत, कारण त्यांची पदवी बाहेर हाँगकाँगमध्ये चालत नसे. घराघरांत माशांच्या मांसाचे गोळे तयार होत आणि शहरातल्या खाणावळींत जात. मुलांचे मैदान म्हणजे गच्ची. आणि जुन्या सरकारी कचेरीत वृद्धाश्रम चाले.

हाँगकाँग चीनला परत देण्याचा करार १९८४ मध्ये झाला. मग दोन्ही सरकारांत या वस्तीवरून वाद उरला नाही. १९८७ मध्ये ती पाडण्याची घोषणा झाली. रहिवाशांना आणि दुकानदारांना मिळून सुमारे २७० कोटी हाँगकाँग डॉलर भरपाई ठरली. काहींना ती मान्य नव्हती. १९९२ मध्ये शेवटच्यांना पोलिसांनी बाहेर काढले. १९९३-९४ मध्ये सगळे जमीनदोस्त झाले.

खोदकामात जुन्या दक्षिण दरवाजाचा पाया आणि त्याच्यावरच्या कोरीव दगडी पाट्या सापडल्या. त्या जपल्या आहेत. कचेरी दुरुस्त करून ठेवली आहे. म्हणजे अधिकाऱ्यांचा इतिहास राहिला. बाग मात्र बांधली दूरच्या यांगत्से नदीकाठच्या जुन्या बागांच्या धर्तीवर. अशी बाग या जागी पूर्वी कधीच नव्हती. आणि तेहतीस हजार माणसांचे काय राहिले? त्यांच्या गल्ल्यांची नावे पायवाटांना दिली आहेत, आणि वस्तीची एक काशाची प्रतिकृती आहे.

ती वस्ती तशीच ठेवायला हवी होती, असे मी म्हणणार नाही. त्या अंधारात आणि ओलीत आपण स्वतः एक दिवस तरी राहिलो असतो का? पण माणसांना चांगले घर देणे आणि त्यांचे जगणे आठवणीत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी सरकारने पैसे मोजले. दुसरीचा हिशेब त्या काशाच्या तुकड्यावर मिटवला. वेशीचे दगड शतकभर जुने, म्हणून ते वारसा ठरले. चाळीस-पन्नास वर्षे तिथे नळावर रांग लावणाऱ्या बायका आणि गच्चीवर पतंग उडवणारी पोरे वारसा ठरायला किती वर्षे लागतात?

कधी हाँगकाँगला गेलात, तर या बागेत जरूर जा. दक्षिण दरवाजा पाहा, कचेरी पाहा. पण त्या प्रतिकृतीपाशी थोडे अधिक थांबा. तिच्यातल्या प्रत्येक बारीक खिडकीमागे कोणाचे तरी घर होते.