लोड्झ येथील वजिराचे बलिदान

पोलंडमधील लोड्झ हे कापडगिरण्यांचे शहर १९०७ साली रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. तेथे यहुदी वस्ती मोठी होती व बुद्धिबळाचा नादही मोठा. त्या वर्षी तेथील स्पर्धेत दोन यहुदी खेळाडू समोरासमोर बसले. पांढरी मोहरी रोटलेवीकडे होती. वय जेमतेम अठरा. काळी मोहरी अकिबा रुबिनस्टाईनकडे. याने राब्बी व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, पण येशिवाच्या दिवसांत बुद्धिबळाने त्याला गाठले ते कायमचेच.

रोटलेवीने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. (आपल्या जुन्या देशी डावात प्यादे एकच घर चाले, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.) रुबिनस्टाईनने तसेच उत्तर दिले व पुढे डॉ. तार्राश यांच्या नावाने ओळखला जाणारा बचाव पटावर आला. डाव अगदी सरळ, दोन्ही बाजू जणू आरशातील प्रतिबिंबे. पण रोटलेवीने वजीर व उंट पुन्हापुन्हा हलवण्यात वेळ दवडला. पंधराव्या चालीनंतर पाहावे तर मांडणी जवळजवळ सारखीच, मात्र काळ्याचा हत्ती मोकळ्या रांगेत येऊन बसलेला आणि चालही काळ्याचीच! माझ्या मते डाव येथेच फिरला. पुढचे तर सारेच वाखाणतात.

मग रोटलेवीने आपल्या राजापुढची प्यादी पुढे रेटली आणि काळ्याच्या दोन्ही उंटांना वाटा मोकळ्या झाल्या. बाविसाव्या चालीला त्याने प्याद्याने काळ्या वजिरावर हल्ला केला. रुबिनस्टाईनने वजीर हलवलाच नाही! हत्तीने घोडा मारला आणि वजीर जाऊ दिला. लगेच दुसरा हत्ती पांढऱ्या वजिरासमोर नेऊन ठेवला. तो हत्ती मारताच वजिराचा आपल्या उंटावरील पहारा सुटला, काळ्या उंटाने तो उंट टिपून शह दिला. वजीर आडवा आला, तोच उरलेला हत्ती राजाच्या कडेला येऊन उभा राहिला. पंचविसाव्या चालीला रोटलेवीने हार मानली. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती व एक उंट. काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट व एक घोडा. तरीही मात टळणार नव्हती.

रोटलेवी १९११ साली कार्ल्सबाडच्या मोठ्या स्पर्धेत चौथा आला, पण नंतर आजारपणाने खेळ सुटला आणि १९२० साली तो वारला. रुबिनस्टाईनने १९१२ या एकाच वर्षात पाच स्पर्धांत पहिला क्रमांक मिळवला. लास्करबरोबरचा विश्वविजेतेपदाचा सामना मात्र १९१४ च्या महायुद्धामुळे राहून गेला, तो राहिलाच. १९६१ साली अँटवर्प येथे त्याचे निधन झाले.