जीवतराफा : नौकेवरील जागा

शिडाच्या सागरी नौकेवर फुगणारा जीवतराफा (पहा : जीवरक्षक साधने) बांधून ठेवण्याचे ठिकाण. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळात १५ स्पर्धक दगावले. त्यानंतरच्या चौकशीत जीवतराफेही तपासले गेले. कठीण पेटीतला तराफा डेकवर किंवा मागच्या कठड्यावर, पिशवीतला कॉकपिटच्या कप्प्यात ठेवतात. डेकवर लाटांचा मारा बसतो, मागे वजनाने तोल बिघडतो, तर कप्प्यात इतर सामान आड येते. सर्वांत दुबळ्या खलाशालाही तो झटपट पाण्यात ढकलता येणे, ही खरी कसोटी. तराफ्याच्या दोरीचे टोक नौकेला आधीच बांधलेले हवे. ती ओढल्यावरच तराफा फुगतो. दिलीप दोंदे यांच्या २००९-१० मधील पृथ्वीप्रदक्षिणेसारख्या (पहा : म्हादेई) एकट्याच्या सफरीत तो एकाच माणसाला हलवावा लागतो.