भीमथडीचे तट्टू आणि माझा हजेरीपट

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतला आहे. विषय घोड्याचा. आता मी काही घोड्यांतला जाणकार नव्हे. जन्मात घोड्यावर बसलो तो एकदाच, स्वतःच्या वरातीत. त्या दिवशी घोडी शांत होती, घाबरलो होतो तो मी! पण गेल्या वर्षी अमेरिकेतल्या नातीने फोनवर एक प्रश्न विचारला आणि सारा जन्म इतिहास शिकवण्यात घालवलेल्या या मास्तरची दांडी गुल झाली.

नात तिकडे हौसेने घोड्यावर बसायला शिकते. तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितले, की मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या चॅपाक्विडिक नावाच्या छोट्याशा बेटावर भारतातून मारवाडी घोडे आणले होते. कान आत वळलेले, टोकाला टोक टेकेल असे. बाईंनी विचारले, "तुझ्या आजोबांच्या गावाकडचा घोडा कोणता?" तोच प्रश्न नातीने मला केला.

मी ऐटीत सांगितले, "भीमथडीचे तट्टू! पण बाळा, ते आता कुठले राहायला? पेशवाईबरोबर गेले."

फोन ठेवला. संध्याकाळी पारावर ही गोष्ट सांगितली, तर आमच्यातले एक निवृत्त पशुवैद्य हसायला लागले. म्हणाले, "गुरुजी, गेले म्हणता? अहो, सरकारदरबारी त्याची आत्ता नोंद झाली!"

मग मी शोधाशोध सुरू केली. जे सापडले ते इथे मांडतो.

आधी थोडा इतिहास. थडी म्हणजे काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. बारामती-दौंडकडच्या भागाला पूर्वी भीमथडी तालुका असेच नाव होते. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यांत जो लहान चणीचा, काटक घोडा तयार झाला, तो भीमथडीचा किंवा दख्खनी घोडा. आपण त्याला अस्सल देशी म्हणतो, पण त्याच्या रक्तात समुद्रापलीकडचाही वाटा आहे असे मानतात. बहामनी आणि विजयनगरच्या काळात अरबी आणि इराणी घोडे गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांनी या व्यापारावर भरपूर जकात मिळवली. ते घोडे दख्खनच्या पठारावर आले आणि इथल्या घोड्यांत मिसळले. मोठा घोडा लहान झाला, पण चिवट झाला. कडब्यावर भागवायचे, खडकाळ वाटेने चालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार.

मराठी फौजेला असाच घोडा हवा होता. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, हे आम्ही वर्गात घोकून घेत असू. याच घोड्यांच्या जोरावर १७५८ साली मराठे अटकेपर्यंत गेले. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

शेवटही आमच्या शेजारीच झाला. करकंबपासून थोड्याच अंतरावर आष्टी आहे. तिथे फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला गाठले आणि बापू गोखले लढता लढता पडले. त्यानंतर शिलेदारी संपली. इंग्रजांच्या फौजेला उंच घोडे लागत. ते अरबस्तानातून आणि पुढे ऑस्ट्रेलियातून येऊ लागले. १८६० मध्ये सोलापूरला आगगाडी आली आणि १९०६ मध्ये कुर्डुवाडीकडून पंढरपूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वे पोचली. म्हणजे लढाई गेली आणि ओझी वाहायचे कामही कमी झाले. मी नातीला 'गेले' म्हणालो ते याच हिशेबाने.

आता मारवाडी घोड्याकडे वळू. त्याचीही अशीच गत झाली होती. संस्थाने आणि जहागिऱ्या गेल्यावर हा घोडा म्हणजे जुन्या सरंजामाची खूण ठरला. कित्येक विकले गेले, कित्येक टांग्याला जुंपले गेले. १९९५ साली फ्रान्सेस्का केली नावाच्या बाई राजस्थानात फिरायला आल्या आणि या घोड्याच्या प्रेमात पडल्या. शेखावाटीतल्या दुंडलोदचे रघुवेंद्रसिंह यांना त्या भेटल्या आणि दोघांनी मिळून काम सुरू केले. १९९९ मध्ये भारतीय देशी घोड्यांसाठी संस्था उभी राहिली आणि २००० साली पहिले मारवाडी घोडे अमेरिकेला गेले. २००६ पर्यंत मोजून एकवीस घोडे परदेशी गेले. मग, घरातच थोडे उरलेत ते बाहेर कशाला पाठवायचे, असे म्हणून परवाने बंद झाले. पण त्या गडबडीत एक मोठी गोष्ट घडली. कोणत्या घोड्याला मारवाडी म्हणायचे, ते कोणी ठरवायचे, त्याचे आईबाप कुठे लिहायचे, यावर माणसे एकत्र बसू लागली. २००९ पासून वंशावळीची रीतसर नोंदवही सुरू झाली. परक्या देशात कौतुक झाले आणि घरच्या माणसांना आपल्या दावणीची किंमत कळली!

दुसरे उदाहरण इराणचे. तिथे लुईस फिरोज नावाची अमेरिकेत जन्मलेली बाई लग्न होऊन राहत होती. मुलांना बसायला लहान घोडे हवेत म्हणून ती शोधत निघाली. १९६५ साली कॅस्पियन समुद्राजवळच्या आमोल गावी तिला गाड्या ओढणारी चिमुकली, देखणी घोडी दिसली. फार जुन्या काळचा आणि नामशेष समजला गेलेला घोडा तो हाच, असे तिचे मत झाले. १९७१ साली इंग्लंडच्या राणीचे यजमान प्रिन्स फिलिप इराणला आले, तेव्हा त्यांना यांतली एक जोडी भेट मिळाली. मागून आणखी काही घोडे इंग्लंडला गेले. पुढे १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, मग इराकशी युद्ध पेटले. तिथले बरेच घोडे गेले, पण परदेशातल्या हौशी मंडळींनी सांभाळलेले वाचले.

दोन्ही गोष्टी वाचून मी विचार करत बसलो. घोड्याची जात टिकते म्हणजे नक्की काय टिकते? रक्त तर हवेच, पण त्याभोवती माणसे हवीत. नर-मादीची अदलाबदल करणारी, शिंगरू जन्मले की बघायला येणारी, याचा बाप कोण आणि आई कोण हे लक्षात ठेवणारी. अशी माणसे सातासमुद्रापार नव्याने गोळा करावी लागतात. वही, बैठका, पैसा, सगळे उभे करावे लागते.

मग आमच्या भीमथडीभोवती दोनशे वर्षे कोण होते?

पशुवैद्य मित्राने एका शब्दात उत्तर दिले, "धनगर."

आमच्या भागातल्या वाचकांना हे दृश्य सांगायला नको. दिवाळी झाली की मेंढ्यांचे कळप निघतात. माण, फलटण, माळशिरसकडचे वाडे घाट उतरून कोकणापर्यंत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. त्याला खत मिळते, त्यांना धान्य आणि चार पैसे. आणि सगळ्या बिऱ्हाडाचा भार असतो घोडीच्या पाठीवर. वाकळा, भांडी, वाघर, दोन कोंबड्या, चालता न येणारी कोकरे, कधी एखादे तान्हे मूल. जी घोडी हे सगळे सांभाळून रोज नव्या मुक्कामाला जाते, तिचेच शिंगरू ठेवायचे. भडक डोक्याचे विकून टाकायचे. निवड म्हणतात ती हीच. फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून आपल्या लेखी हा घोडा नुसता 'गावठी'.

अलीकडे पुणे-बारामतीकडच्या अश्वप्रेमींनी अखिल भारतीय भीमथडी अश्व संघटना उभारली. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या घोड्याचा अभ्यास केला. पुणे, सोलापूर, सातारा आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांत सुमारे पाच हजार घोडे भरले. मग २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, कच्छी-सिंधी आणि आता भीमथडी, अशा देशातल्या आठ जाती झाल्या.

इथपर्यंत वाचून मला अभिमान वाटायला हवा होता. पण मला एक जुनी गोष्ट आठवली आणि झोप लागेना.

१९८०च्या सुमारास मी पंढरपूर तालुक्यातल्या एका शाळेत होतो. पाचवीच्या वर्गात धनगराचा एक मुलगा होता. हुशार, पण दिवाळीनंतर जो गायब होई तो मृगाच्या आसपास उगवे. एकदा वाडा शाळेजवळच उतरला होता आणि मैदानाच्या कडेला लिंबाखाली त्यांची घोडी शिंगरासकट चरत होती. मी वर्गात मराठ्यांचे घोडदळ शिकवत होतो. या पोराने हात वर केला.

"गुरुजी, आमच्या घोडीला बी भीमथडीची म्हणत्यात."

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "अरे, ते लढाईचे घोडे. तुझी ओझ्याची घोडी!"

पोरगा खाली बसला. पुढच्या वर्षी सतत गैरहजर म्हणून मी नियमाप्रमाणे त्याचे नाव पटावरून कमी केले. नियमात चूक नव्हती. तो परत शाळेत आला नाही.

म्हणजे बघा, खिडकीबाहेर जिवंत इतिहास चरत होता आणि मी फळ्यावर मेलेला शिकवत होतो. ज्या घरांनी हा घोडा जपला, त्या घरची पोरे आमच्या हजेरीपटावर 'गैरहजर' होती. आणि ती गैरहजर होती ती घोड्यामागून चालत होती म्हणूनच.

गेल्या दिवाळीनंतर चौकशी करत करत मी त्याला शोधून काढला. ऊस तुटून गेलेल्या एका रानात वाडा होता. आता तोही पन्नाशीचा झालाय. मला ओळखले, पाया पडला, चहा ठेवायला लावला. शेजारी एक छोटा टेम्पो उभा होता आणि पलीकडे दोन घोड्या बांधलेल्या. खांदा जेमतेम माझ्या छातीइतका, पाय बारीक पण सरळ, नजर शांत.

मी म्हटले, "टेम्पो असताना घोड्या कशाला रे?"

"टेम्पोला रस्ता लागतो, गुरुजी. डिझेल लागतं. हिला पायवाट बी पुरती."

पण त्याने हेही सांगितले, की पूर्वी त्यांच्या वाड्यात सात घोड्या होत्या. उजनीचे पाणी आल्यापासून रान उसाखाली गेले, चरायला जागा राहिली नाही, भावांनी मेंढरे विकली. पोरांना या वाटेला यायचे नाही, आणि का यावे त्यांनी? अकलूजच्या घोडेबाजारात लोक वळलेल्या कानांचे मारवाडी घोडे बघायला गर्दी करतात. याच्या घोडीकडे कोण बघणार?

मी त्याला सरकारी नोंदीची बातमी दिली. त्याने नीट ऐकून घेतले आणि हसून म्हणाला,

"म्हंजी आता घोडी पटावर आली म्हणा की, गुरुजी."

मला काय बोलावे ते सुचेना. चहा तसाच हातात राहिला. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी वर्गात तू बरोबर होतास. मी चुकलो होतो." त्यावर तो नुसता म्हणाला, "कवाचं काय घिऊन बसलाव तुमी," आणि शिंगराच्या मानेवर हात फिरवायला लागला.

असो. माझे म्हणणे एवढेच, की नोंद झाली हे फार चांगले झाले, आणि ज्यांनी त्यासाठी खटपट केली त्यांना माझा नमस्कार. पण मारवाडी किंवा कॅस्पियन घोड्यासारखा हा घोडा नुसता हौसेवर, तबेल्यात, गुबगुबीत करून टिकेल असे मला वाटत नाही. दिसायला टिकेल. चालण्यातून घडलेल्या घोड्याला चालणारी माणसे लागतात. त्यांना गायरान मिळाले, त्यांच्या पोरांना वाड्याबरोबर फिरूनही शिकता आले, आणि संघटनेच्या बैठकीत त्यांना सतरंजीवर मधोमध जागा मिळाली, तर भीमथडीभोवतीचा हा गोतावळा खरा. परदेशात तो शून्यातून उभा करावा लागला. आपल्याकडे तो आहेच, फक्त आपण त्याची हजेरी घेतलेली नाही.

नातीला मी परत फोन केला. म्हटले, "बाळा, तुझ्या बाईंना सांग, आजोबा चुकले. आपला घोडा आहे. तू आलीस की दाखवतो." ती म्हणाली, "बसता येईल?" म्हटले, "ते आपण त्याच्या मालकाला विचारू."

पुढच्या आषाढात नाथांची पालखी करकंबवरून जाईल, तेव्हा ती इथे असेल. तोवर वाडाही परतलेला असेल.

आणि मंडळी, तुमच्या रानात कधी मेंढरे बसली, तर घोडीजवळ थांबून तिच्या आईची, आजीची चौकशी करा. मालकाला ती तोंडपाठ असते. जमले तर लिहून ठेवा. घोडीच्या नावाबरोबर त्याचेही नाव लिहा.